बायकांच्या चित्रांचं सामुदायिक प्रदर्शन: सगळ्यांना घ्यायचं की निवड करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की समुदाय केंद्राच्या हॉलला लागून एक छोटी गॅलरी आहे, तिथे परिसरातल्या स्त्री कलाकारांचं प्रदर्शन करायचंय, चाळीसच्या वर नावं आलीयेत (चित्रांबरोबर गोधड्या आणि भरतकामही), हातात तीन महिने आहेत आणि भिंत काही तेवढी नाही. समितीत काहींचं म्हणणं कुणालाच नाही म्हणायचं नाही, काही म्हणतात दर्जा बघा, आणि एकीने तर मुळात "महिला" असं वेगळं काढायचंच कशाला हा विषय काढलाय. मी अशी सामुदायिक प्रदर्शनं बरीच वर्षं लावतेय त्यामुळे सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी मत सांगून टाकते. चाळीस जणींचं एकेक काम लावू नका. दिसायला ते सगळ्यात न्याय्य वाटतं आणि समितीत भांडणही होत नाही, पण प्रदर्शन म्हणून ते मार खातं. एका चित्रावरून कुणाचाच हात कळत नाही. बघणारा दारातून आत येतो, निसर्गचित्र, मग कापडावरचं भरतकाम, मग मांजराचा फोटो, मग अमूर्त काहीतरी, आणि बाहेर पडेपर्यंत त्याच्या लक्षात एवढंच राहतं की "बायकांचं छान काहीतरी होतं". म्हणजे गौरव करायला गेलो आणि हजेरीपट झाला. त्याऐवजी सात-आठ जणी निवडा आणि प्रत्येकीची चार ते सहा कामं एकत्र लावा. चार कामं शेजारी शेजारी आली की दिसायला लागतं की ही बाई सारखी त्याच कोपऱ्यातल्या उजेडाकडे परत परत जातेय, किंवा हिला माणसांचे चेहरे काढायचेच नाहीयेत, नुसत्या पाठी काढते. तिला कलाकार म्हणून मान देणं म्हणजे हे दिसू देणं, असं मला वाटतं.

मग बाकीच्या तीस-पस्तीस जणींचं काय? त्यांच्यासाठी एक अख्खी भिंत खुली ठेवा. नियम एकच, फ्रेम धरून 30 बाय 30 सेंटीमीटरच्या आत बसेल असं एक काम, जी आणेल तिचं लागणार, निवड नाही. ही भिंत दाटीने लावायची, खालून वर तीन-चार ओळी, मध्ये चार-पाच सेंटीमीटर अंतर. मापाची अट असली की गर्दीसुद्धा ठरवून केल्यासारखी दिसते. फक्त ही भिंत प्रवेशाजवळ ठेवा, चांगल्या उजेडात. बऱ्याच ठिकाणी हिला स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात ढकलतात आणि मग त्या तीस जणी घरच्यांना घेऊन येतात तेव्हा चित्र शोधत फिरतात, ते बघवत नाही.

निवड कोण करणार हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवा. तिघं पुरे, त्यातला एक जण केंद्राच्या बाहेरचा हवा, आणि निवडणाऱ्यांपैकी कुणाचं स्वतःचं काम निवडीत असता कामा नये (खुल्या भिंतीवर खुशाल लावा). पहिल्या फेरीत फोटो नावांशिवाय बघा. आणि ज्यांना नाही म्हणाल त्यांना फोन करा, ग्रुपवर यादी टाकून मोकळं होऊ नका.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगते. तुमच्याकडे आलेली चाळीस नावं ही आवाहन वाचून स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांची आहेत. म्हणजे ज्यांना आधीच वाटतं की आपण कलाकार आहोत त्यांची. काहींची कामं छान असतात, काहींचा नुसता आत्मविश्वास. पण ज्या बाईने वीस वर्षं काहीतरी केलंय आणि त्याला कधी "काम" म्हटलेलंच नाही ती फॉर्म भरत नाही, तिला शोधावं लागतं. ग्रंथालयात विचारा, टेलरिंगवाल्यांना विचारा, फ्रेमवाल्याला तर नक्की विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि जमेल तिथे घरी जाऊन बघा, कारण आणून दाखवा म्हटलं की लोक आपल्याला आवडेल असं वाटणारी चीज आणतात. एका बाईंनी मला तीन मोठी तैलचित्रं दाखवली, फुलदाण्या वगैरे, नीट होती, पण कुणीही काढली असती अशी. निघताना सहज विचारलं अजून काही आहे का तर म्हणाल्या "ते काही दाखवण्यासारखं नाही", आणि कपाटामागून एक फाईल काढली. सासूबाई महिनोन् महिने दवाखान्यात होत्या तेव्हा शेजारी बसल्या बसल्या तपासणीच्या रिपोर्टांच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने काढलेली चित्रं. झोपलेला चेहरा, सलाईनची नळी, उशीवरचे केस, परत तोच चेहरा. कागद इतका पातळ की पलीकडची छापील आकडेवारी चित्रातून आरपार दिसत होती. त्या प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्या कागदांपुढे थांबले. (पाठीवर पेशंटची माहिती होती, ती झाकायलाच हवी, म्हणून प्रत्येक कागदामागे करड्या रंगाचा ॲसिड-फ्री (चित्राला पिवळं न पाडणारा) कागद ठेवून मगच माउंट केला. आकड्यांची पुसट सावली राहिली, नाव वाचता येत नव्हतं.)

म्हणून निवडताना "मोठं काम", "पूर्ण केलेलं काम", "तैलरंग" हे निकष लावायच्या आधी थोडं थांबा. लिंडा नॉक्लिन या कला-इतिहासकार बाईंनी 1971 साली एक गाजलेला निबंध लिहिला, थोर स्त्री कलाकार का झाल्या नाहीत हा प्रश्नच त्यांनी उलटा करून बघितला. त्यांचं म्हणणं असं की हा मुद्दा प्रतिभेचा नाहीच, शिक्षण कुणाला मिळालं, कुठल्या वर्गात बसू दिलं, हा आहे. शेकडो वर्षं मोठी ऐतिहासिक चित्रं काढायची तर नग्न मॉडेलवरून शरीराचा अभ्यास लागायचा आणि त्या वर्गात बायकांना प्रवेशच नव्हता. लंडनची रॉयल ॲकॅडमी ही चित्रकारांची संस्था 1768 साली स्थापन झाली तेव्हा संस्थापकांमध्ये दोन बायका होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. थोड्याच वर्षांनी झोफानी या चित्रकाराने त्या सगळ्या सभासदांचं समूहचित्र काढलं, पुरुष मंडळी मॉडेलभोवती गोळा झालीयेत, आणि या दोघी? त्या भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांमध्ये आहेत. सभासद असूनही खोलीत नाहीत. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई निवडून आली ती थेट 1936 साली, लॉरा नाइट. तेव्हा तुमच्याकडे लहान कागदावरची, घरातलेच विषय असलेली, अर्धवट सोडलेली कामं जास्त आली तर त्यात नवल नाही. बाईला मिळालेला वेळ आणि टेबलाचा मिळालेला कोपरा यांचं माप त्या कागदाला लागलेलं असतं.

आता "महिला" शब्द हवा की नको. हा वाद जुना आहे. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने न्यूयॉर्कमध्ये 1943 साली 31 स्त्रियांच्या कामांचं प्रदर्शन भरवलं होतं तेव्हाही तो होता. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफला तर "स्त्री चित्रकार" हा शिक्का आयुष्यभर खटकला. दुसरीकडे नॉक्लिन आणि ॲन सदरलँड हॅरिस यांनी 1976 साली लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये 1550 ते 1950 या चारशे वर्षांतल्या स्त्री चित्रकारांचं प्रदर्शन लावलं, आणि तळघरांतून, गोदामांतून बाहेर आलेली चित्रं लोकांनी पहिल्यांदा एकत्र बघितली, ते वेगळं काढल्याशिवाय झालंच नसतं. गोरिला गर्ल्स या स्त्री कलाकारांच्या निषेध-गटाचं 1989 चं पोस्टर बऱ्याच जणांनी बघितलं असेल, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या आधुनिक विभागात कलाकारांमध्ये बायका 5 टक्क्यांहून कमी पण नग्नचित्रांमध्ये 85 टक्के बायका, असा थेट हिशोब त्यांनी मांडला होता. माझं म्हणाल तर शब्द ठेवा, पण एकदाच, शीर्षकाखालच्या ओळीत. तिथे त्याचं काम होतं. नंतर प्रत्येक लेबलवर, प्रत्येक भाषणात, पोस्टरच्या गुलाबी रंगात, केस मोकळे सोडलेल्या बाईच्या सिल्हूटमध्ये (नुसत्या काळ्या छायाकृतीत) परत परत तेच आणू नका. विशेषतः ते सिल्हूट. आणि जिला या चौकटीत यायचंच नाही तिला आग्रह करू नका, तिचं मत चुकीचं नाहीये.

लेबलांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो माहीत असेल, इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं होती, आणि 1895 साली ती गेली तेव्हा तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या जागी लिहिलं "व्यवसाय नाही". आपण हसतो, पण सामुदायिक प्रदर्शनांत मी सर्रास वाचते: "गृहिणी असून संसार सांभाळून छंद जोपासतात". अहो, त्याच गॅलरीत पुरुषाच्या चित्राखाली "नोकरी सांभाळून छंद जोपासतात" असं कधी लिहिलंय का? लेबलवर आधी नाव, मग चित्राचं शीर्षक, वर्ष, माध्यम, माप (उंची आधी, रुंदी नंतर). त्याखाली द्यायचेच तर पन्नास-साठ शब्द, आणि ते समोर टांगलेल्या कामाबद्दल: कशावर केलंय, कसं केलंय, कुठे नीट बघायचं. किती मुलं आहेत, यजमान काय करतात, हे नको. हां, चित्रच बाळंतपणाबद्दल असेल आणि तिनेच तसं सांगितलं तर तिच्या शब्दांत जरूर घ्या. "शीर्षक काही नाही" म्हणणाऱ्या खूप असतात, तिथे स्वतः काव्यमय नाव ठेवायचा मोह आवरा, "शीर्षक नाही" हेच लिहा. अक्षर 18 पॉइंटच्या खाली नको, 24 असेल तर वयस्कर लोक दुवा देतील, काळं अक्षर पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर, आणि सगळी लेबलं एका उंचीवर.

नाव कसं छापायचं हेही प्रत्येकीला विचारा आणि लेखी घ्या. कुणाला माहेरचं नाव हवं असतं, कुणाला दोन्ही आडनावं, कुणाला नुसतं पहिलं नाव, आणि एखादीला घरच्या परिस्थितीमुळे फोटो किंवा पूर्ण नाव कुठेच नको असतं. तिथे कारण विचारत बसायचं नाही. सही जुन्या नावाने आणि लेबल नव्या नावाने असं झालं तर लेबलवर तशी एक ओळ टाका.

सहीवरून आठवलं. बहुतेक कामांवर सही नसते, तारीख तर नसतेच. कामं घेताना प्रत्येकीला समोर बसवून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, वर्ष, माध्यम लिहून घ्या (पुढच्या बाजूला नंतर सही करायला लावू नका, चित्र बिघडतं). उगाच शिस्त म्हणून सांगत नाहीये. सतराव्या शतकातली डच चित्रकार युडिथ लेस्टर तिच्या काळात नावाजलेली होती, हार्लेमच्या चित्रकार संघाची सभासद होती, पण ती गेल्यावर तिची चित्रं तिच्याच काळातल्या फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावावर चढली आणि दोनशेहून जास्त वर्षं तशीच राहिली. 1893 साली एका अभ्यासकाने हाल्सच्या म्हणून विकल्या गेलेल्या चित्रावर तिची आद्याक्षरं आणि त्यांना जोडलेली छोटी चांदणी ओळखली तेव्हा कुठे ती परत आली. ती एवढीशी खूण नसती तर संपलं होतं. आणि उलटं उदाहरण स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंट. तिची 1906 ते 1915 मधली 193 चित्रांची मालिका तिच्या हयातीत जवळपास कुणी बघितलीच नाही, पण तिने स्वतः वह्यांमध्ये चित्रांची छोटी रूपं, क्रम, टिपणं सगळं नीट लावून ठेवलं होतं, म्हणून 2018 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमला तिचं एवढं मोठं प्रदर्शन लावता आलं. तुमच्या प्रदर्शनाचीही एक साधी सूची करा, प्रत्येक कामाचा फोटो आणि पाच ओळी माहिती, आणि तिची प्रत ग्रंथालयात द्या. भिंत महिन्याभरात रिकामी होते, सूची राहते.

तुमच्याकडे गोधड्या आणि भरतकाम आलंय त्याबद्दल. त्यांना वेगळ्या "हस्तकला" टेबलावर घालू नका, चित्रांच्या भिंतीवरच लावा. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि लोक त्यांच्याकडे चित्रांसारखंच बघायला लागले. पण खिळे, टाचण्या, चिमटे अजिबात नको. वेल्क्रोची मऊ पट्टी एका सुती पट्टीवर मशीनने शिवायची, मग ती सुती पट्टी गोधडीच्या मागे वरच्या काठाला हाताने, मागच्या थरांत टाके घेत शिवायची, आणि वेल्क्रोची खरबरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करून ती पट्टी भिंतीला स्क्रूने. वजन पूर्ण रुंदीवर विभागलं जातं, काठ लोंबत नाही, नंतर टाके उसवून काढताही येतं. कापड, जलरंग, कागद यांच्यावर उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, तैलरंगाला 200 पर्यंत चालतो. फोनवरचं लक्स मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर जलरंग लावायचेच नाहीत, पडदा असला तरी.

लावण्याचं गणित एकदा लिहून देते. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर धरा, सगळ्या चित्रांचा, म्हणजे लहानमोठी चित्रं एका ओळीत असूनही डोळ्याला खुपत नाहीत. समजा चित्राची उंची 60 आहे आणि मागची तार मध्यावर बोटाने वर ओढली की फ्रेमच्या वरच्या काठापासून 8 सेंटीमीटर खाली येते. तर 150 अधिक 30 उणे 8, म्हणजे 172 वर हुक. प्रत्येक चित्रासाठी एवढंच करायचं, कागदावर आधी आकडे काढून ठेवा, शिडीवर चढून "थोडं वर, थोडं खाली" करत बसलात तर रात्र होते आणि भिंतीची चाळण. मुलं आणि व्हीलचेअरवरचे लोक जास्त येणार असतील तर मध्यबिंदू 140 वर घ्या. जड फ्रेमला तार नको, दोन डी-रिंग (फ्रेमच्या मागे बसवायच्या डी आकाराच्या कड्या) आणि दोन हुक. आणि भोकं पाडायच्या आधी सगळं जमिनीवर भिंतीशी टेकवून एक रात्र तसंच राहू द्या, सकाळी बघितल्यावर दोन-तीन जागा हमखास बदलाव्या वाटतात.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण टाळू नका. काम घेताना पोचपावती, त्यावर कामाची स्थिती (काचेला तडा, कोपरा उडालेला, डाग) आणि फोनवर काढलेले फोटो, कलाकाराची सही. विमा केंद्राचा आहे का आणि त्यात दुसऱ्यांच्या वस्तू येतात का हे विचारून घ्या, बऱ्याचदा येत नाहीत. विक्री ठेवणार असाल तर वाटा आधीच लेखी ठरवा. व्यावसायिक गॅलऱ्या निम्म्यापर्यंत घेतात, तुम्ही वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि किंमत तिला सुचत नसेल तर मदत करा, कारण नवख्या बायका फ्रेमचा खर्चसुद्धा निघणार नाही अशी किंमत सांगतात. चित्र विकलं तरी कॉपीराइट साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा पोस्टर, कॅलेंडर, कप यासाठी वेगळी परवानगी.

उद्घाटनाबद्दल एवढंच की पाहुण्याचं भाषण दहा मिनिटांत आटपा आणि मग निवडलेल्या सात-आठ जणींना आपापल्या कामापुढे उभं करून पाच-पाच मिनिटं बोलू द्या. माईक नको, माईक दिसला की "सर्वप्रथम मी आभार मानते" सुरू होतं. शेजारी कुणीतरी उभं राहून एक साधा प्रश्न विचारायचा, हा निळा कुठून आणला, हे किती वेळा उसवलं, की मग बरोबर बोलतात. वेळ ठरवताना त्यांनाच विचारा. संध्याकाळी सातचा मुहूर्त समितीला सोयीचा असतो आणि ज्यांचं प्रदर्शन आहे त्यातल्या अर्ध्या जणी तेव्हा घरात अडकलेल्या असतात. लहान मुलांना बसायला एक कोपरा, सतरंजी, कागद आणि खडू ठेवले तरी खूप फरक पडतो.

तीन महिने म्हणताय तर पहिला महिना पूर्ण बघण्यात आणि निवडीत घालवा, दुसऱ्यात फ्रेम, माउंट, लेबलं, सूची. तिसऱ्यात कामं गोळा करणं आणि लावणं, लावायला सलग तीन दिवस धरा. कामं परत करायचा दिवस आत्ताच छापून टाका आणि त्या दिवशी पोचपावतीवरचे फोटो समोर ठेवून एकेक काम तपासून द्या. भिंतीची मापं आणि दोन-चार फोटो टाकलेत तर कुठली भिंत खुली ठेवायची आणि किती कामं बसतील हे मी काढून देईन.